आपली तीन मिनिटांची फिल्म: गटाने मिळून शिकूया



हल्ली गटांच्या बैठकीला गेलं की एक मागणी हमखास ऐकू येते. "ताई, आमच्या मसाल्याचा एक व्हिडिओ करून द्या ना." कोणाला पापडाचा हवा असतो, कोणाला गोधडीचा. एका गटाला तर गळक्या पाण्याच्या टाकीचा हवा होता, ग्रामसभेत दाखवायला. मागणी अगदी बरोबर आहे. पण मी करून देणार नाही, आपण शिकूया.

कारण सांगते. बाहेरचा माणूस व्हिडिओ करतो तेव्हा त्याला जे दिसतं तेच तो दाखवतो. स्टॉल, बॅनर, हसरे चेहरे, वर एखादं गाजलेलं गाणं. पहाटे उठून मिरच्यांची देठं खुडणारी बाई त्यात येत नाही, कारण ती त्याला माहीतच नसते. ती तुम्हाला माहीत आहे. म्हणून ही फिल्म तुमच्या हातून व्हायला हवी.

आणि "आम्हाला कुठे जमणार?" असं म्हणायच्या आधी पुढची गोष्ट वाचा. बैठकीत कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवली तर आणखी चांगलं.

पहिली फिल्म नवख्या माणसांनीच केली

'राजा हरिश्चंद्र' हा भारतातला पहिला मोठा कथापट म्हणून ओळखला जातो. तो घडला मुंबईत, दादरला. दादर, परळ, लालबाग, गिरगाव ही नावं आपल्याला परकी नाहीत. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांतलं एक तरी माणूस गिरणीत कामाला होतं, तिथल्या चाळीत राहून गावी मनिऑर्डर पाठवत होतं. त्याच भागातली ही गोष्ट.

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके, मूळचे त्र्यंबकेश्वरचे. चित्रकला शिकले होते, फोटोग्राफी आणि छपाईचा धंदा केला होता. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघितला. आपल्या राम-कृष्णाच्या गोष्टी अशा पडद्यावर का येऊ नयेत, हा विचार तिथून डोक्यात बसला. विमा पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. थोड्याच दिवसांत काम शिकून, कॅमेरा आणि यंत्रं खरेदी करून एप्रिलमध्ये परत आले.

पण एकट्या माणसाने फिल्म होत नाही. माणसं कुठून आणायची? सिनेमाचं काम येणारं कोणी नव्हतंच. मग दादासाहेबांनी जी मिळाली ती माणसं घेतली आणि त्यांना शिकवलं. पहिली विद्यार्थिनी होती त्यांची पत्नी, सरस्वतीबाई.

त्या काळी विकत मिळणाऱ्या कच्च्या फिल्मच्या पट्टीला कडेची भोकं नसत. ती एकसारखी पाडली नाहीत तर पट्टी कॅमेऱ्यात नीट सरकत नाही. हे काम अंधारात करावं लागे, कारण उजेड लागला की फिल्म वाया. लोणच्याच्या बरणीत ओला हात चालत नाही ना, तसंच. सरस्वतीबाई हे काम शिकल्या. फिल्म धुण्याची रसायनं कशी मिसळायची ते शिकल्या. पैसे कमी पडले तेव्हा त्यांचे दागिने गेले. शूटिंगच्या काळात साठ-सत्तर माणसांचं खाणंपिणं त्यांनी सांभाळलं. पदरात लहान मुलं होतीच. त्यांचा मुलगा भालचंद्र या फिल्ममध्ये हरिश्चंद्राचा मुलगा झाला.

तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना. सिनेमात काम करणं बायकांसाठी तेव्हा बदनामीचं मानलं जाई. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या, उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाने तारामती केली. पुढे १९१३ मध्येच 'मोहिनी भस्मासुर' आला, त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. कोणीतरी पहिलं पाऊल टाकावं लागतं, मग वाट मोडते.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसाठी लागला. घरातली बाई, लहान मुलगा, उपाहारगृहातला माणूस, अशा नवशिक्यांनी केलेली फिल्म बघायला लोकांनी गर्दी केली.

आधी मटार, मग हरिश्चंद्र

यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. मोठी फिल्म करण्याआधी दादासाहेबांनी एक छोटी फिल्म केली. कुंडीत मटार पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त दिवस त्याचं वाढणं थोडं थोडं टिपलं. सगळं जोडल्यावर जेमतेम मिनिटभराची फिल्म झाली. पडद्यावर बी रुजतं, कोंब वर येतो, वेल वाढतो. ती बघून पैसे लावणाऱ्यांचा विश्वास बसला.

आपणही कर्ज देताना हेच करतो. नव्या गटाला पहिलं कर्ज लहान, मग परतफेड बघून मोठं. फिल्मचंही तसंच. पहिली फिल्म तीन मिनिटांची आणि आपल्या रोजच्या माहितीतल्या कामावर.

सरस्वतीबाईंचं नाव

आज दादरच्या रस्त्याला दादासाहेबांचं नाव आहे. गोरेगावच्या चित्रनगरीला त्यांचं नाव आहे. १९६९ सालापासून सिनेमातला देशाचा सर्वांत मोठा सन्मान त्यांच्या नावाने दिला जातो. ते योग्यच आहे. पण खरं सांगा, हा लेख वाचण्याआधी सरस्वतीबाईंचं नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलं होतं?

हे आपल्याला नवीन नाही. पेरणी बाईची, सातबारा नवऱ्याच्या नावावर. पापड लाटले दहा जणींनी, फोटोत एकच. म्हणून आपल्या फिल्मचा पहिला नियम असा: ज्या ज्या बाईने काम केलं तिचं नाव शेवटी येणारच. चहा करणारीचंही येणार.

कॉलेजातली मुलं कशी शिकतात?

मुंबईत पत्रकारिता, माध्यमं किंवा समाजकार्य शिकणाऱ्या मुलांना गट-प्रकल्प असतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत माध्यमांचा अभ्यास करणारे विद्यार्थी लहान लहान गट करून मुंबईवर माहितीपट करत आले आहेत. माहितीपट म्हणजे खऱ्या माणसांची, खऱ्या कामाची फिल्म. वर्गात कॅमेऱ्याची माहिती थोडी, बाकी शिकणं एकमेकांकडून.

समाजकार्य शिकताना आमच्या सहा जणांच्या गटाने अशीच तीन मिनिटांची फिल्म केली होती, लालबागच्या मिरची गल्लीवर. एप्रिल-मे महिन्यात मुंबईच्या बायका वर्षाचा मसाला करायला तिथे जातात. मिरच्या घ्यायच्या, गरम मसाल्याचे जिन्नस घ्यायचे, तिथेच भाजून घ्यायचे आणि कांडप यंत्रावर कुटून घ्यायचे. गल्लीत शिरलं की आधी ठसका लागतो, मग दुकानं दिसतात.

आम्हाला एक नियम घालून दिला होता. मुख्य शूटिंगच्या आधी प्रत्येकाने प्रत्येक काम एकदा तरी करायचं. हा नियम फार महत्त्वाचा आहे, कारण गट-प्रकल्पात नेहमी काय होतं? ज्याच्याकडे चांगला फोन किंवा लॅपटॉप, तो सगळं ताब्यात घेतो. बाकीचे बॅगा उचलतात. नाव सगळ्यांचं, शिकणं एकाचं. बचत गटात एकटी सचिवच बँकेत जाते आणि बाकीच्यांना पासबुकसुद्धा वाचता येत नाही, त्याचाच हा दुसरा प्रकार. आपल्याला तो नको.

सहा कामं, सहा जणी

फिल्मच्या कामाची वाटणी गटाच्या कामासारखीच आहे.

१. गोष्ट सांभाळणारी. हिला दिग्दर्शक म्हणतात. काय दाखवायचं, काय नाही, हे सगळ्यांशी बोलून ठरवते. बैठक भरकटली की अध्यक्ष विषयावर आणतात ना, तेच काम.

२. कॅमेरा धरणारी. फोन हिच्या हातात. बोलते कमी, बघते जास्त.

३. आवाज सांभाळणारी. पंखा बंद आहे का, मागे टीव्ही चालू आहे का, बाईचं बोलणं नीट ऐकू येतंय का, हे बघते.

४. प्रश्न विचारणारी. जिला लोक मोकळेपणाने बोलतात ती. गावात अशी एक तरी असतेच.

५. नोंद ठेवणारी. कुठला शॉट झाला, कुठला राहिला, कोणाची परवानगी घेतली, हे वहीत लिहिते. गटाचं इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईला हे शिकवावं लागणार नाही.

६. व्यवस्था बघणारी. फोन चार्ज करणं, जागा, वेळ, चहापाणी, कोणाचं तान्हं मूल सांभाळणं. सरस्वतीबाईंच्या वाट्याला हे सगळं एकटीवर आलं. आपण ते काम म्हणून मोजायचं आणि वाटून घ्यायचं.

सरावाच्या दिवशी दर पंधरा मिनिटांनी कामं बदला. ज्या ताई बैठकीत कधी बोलत नाहीत त्यांच्या हातात फोन सर्वांत आधी द्या. गप्प बसणाऱ्या बाईचं लक्ष फार बारीक असतं, ते तिच्या शॉटमध्ये दिसतं.

गोष्ट एका वाक्यात बसली पाहिजे

"आमचा गट फार छान आहे" ही गोष्ट होत नाही. कोणी काय केलं, का केलं, काय अडलं, हे आलं की गोष्ट होते.

गिरगावचंच उदाहरण घ्या. १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचं पुढे लिज्जत पापड झालं. हे एकच वाक्य आहे, पण त्यात माणसं आहेत, पैसा आहे, जोखीम आहे. लगेच विचारावंसं वाटतं, मग पुढे काय झालं?

दुसरं उदाहरण गिरणगावातलं, म्हणजे लालबाग-परळकडचं. गावाहून आलेल्या गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण करून घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या कर्जात अडकलेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. यातही बघा, अडचण आहे आणि त्यातून काढलेली वाट आहे.

आता तुमच्या गटाची गोष्ट अशाच एका वाक्यात बसवा. "मिरचीचा भाव वाढला तेव्हा आमच्या आठ जणींनी मसाला बंद करायचा की नाही, हे कसं ठरवलं." किंवा "वरच्या वाडीतल्या बायका रोज किती हंडे पाणी किती लांबून आणतात." वाक्य सापडेपर्यंत फोन बाहेर काढू नका. बोलण्यात गेलेला तास वाया जात नाही.

शॉट म्हणजे काय आणि किती लागतात?

फोनचं लाल बटण दाबल्यापासून थांबवेपर्यंत जे टिपलं जातं तो एक शॉट. मसाल्याचंच काम घेऊन पाच शॉट बघू.

पहिला, लांबून: अंगण, सुपं, वाळत घातलेल्या मिरच्या, काम करणाऱ्या बायका. बघणाऱ्याला कळतं की आपण कुठे आहोत.

दुसरा, मधल्या अंतरावरून: एक बाई कमरेपासून वर, मिरच्या निवडताना.

तिसरा, जवळून: फक्त हात. देठ खुडणारी बोटं.

चौथा, चेहरा: मिरची भाजताना आलेलं पाणी डोळ्यात, पदराने तोंड झाकलेलं.

पाचवा, तिच्या मागून: ती जे बघते आहे ते. कढईतला मसाला, निखारे.

हे पाच शॉट एकामागोमाग लावले की काम समजतं, एक शब्द न बोलता. सराव म्हणून भाकरी थापण्याचे पाच शॉट घ्या. रोजचंच काम आहे, त्यामुळे कोणाला अभिनय करावा लागत नाही.

हिशोब असा. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद. एक शॉट फिल्ममध्ये सहा ते नऊ सेकंद राहतो. म्हणजे वीस ते तीस शॉट पुरतात. प्रत्येक शॉट घेताना मात्र मनात दहा आकडे मोजा, त्याआधी थांबवू नका. सुरुवातीला सगळ्यांचीच घाई होते.

फोन आडवा धरा. दोन्ही कोपरं अंगाला चिकटवा म्हणजे हात हलत नाही. काच पदराने किंवा मऊ कापडाने पुसून घ्या. जवळ जायचं असेल तर चालत जा, बोटांनी चित्र मोठं करू नका, ते फाटल्यासारखं दिसतं. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर नेमका तेव्हाच घरून फोन येतो. चांगल्या प्रतीचं शूटिंग मिनिटाला साधारण शंभर ते दीडशे एमबी जागा खातं, म्हणून फोनमध्ये चार जीबी तरी मोकळी जागा ठेवा.

उजेड आणि आवाज

उजेड फुकट आहे, फक्त बाजू बघायची. बाईला खिडकीकडे पाठ करून बसवलं तर तिचा चेहरा काळा येतो. तिचं तोंड उजेडाकडे आणि कॅमेरा धरणारीची पाठ उजेडाकडे. दुपारी बाराचं ऊन टाळा, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळी किंवा चारनंतर चांगलं. चेहऱ्यावर एका बाजूने अंधार असेल तर दुसऱ्या बाजूने पांढरी चादर धरा. चादरीवरून उजेड परतून चेहऱ्यावर येतो.

'राजा हरिश्चंद्र' मूकपट होता, त्यात आवाजाची चिंता नव्हती. आपल्याला आहे. चित्र थोडं हललं तरी लोक बघतात, पण बोलणं ऐकू आलं नाही तर उठून जातात. साधा उपाय म्हणजे दोन फोन वापरणे. एकाने चित्र घ्यायचं, दुसरा बोलणाऱ्या ताईंच्या जवळ, चित्रात दिसणार नाही असा ठेवून त्यावर आवाज रेकॉर्ड करायचा. दोन्ही सुरू झाल्यावर एकदा टाळी वाजवा. नंतर जोडताना टाळीचा आवाज आणि टाळीचं चित्र जुळवलं की बोलणं बरोबर बसतं.

कामाचे आवाजही वेगळे टिपून ठेवा. कांडप यंत्राचा, सुपाचा, बांगड्यांचा. लालबागच्या आमच्या फिल्ममध्ये सुरुवातीचे वीस सेकंद नुसता कांडप यंत्राचा आवाज होता. गाणं लावायची गरज पडली नाही.

प्रश्न असे विचारा की हो-नाही मध्ये उत्तर देता येणार नाही. "गटाचा फायदा झाला का?" असं विचारलं की "हो, झाला" एवढंच येतं. "पहिल्यांदा कर्ज घेतलं त्या दिवशी घरी कोण काय म्हणालं?" असं विचारून बघा. आणि उत्तर देताना ताई थांबल्या तर तुम्हीही थांबा. पुढचं बोलणं त्या थांबण्यानंतर येतं.

परवानगी: सर्वांत महत्त्वाचा धडा

'राजा हरिश्चंद्र'चं बाहेरचं शूटिंग मुंबईजवळच्या वांगणी गावात झालं. त्याचा एक किस्सा सांगतात. राजे-सैनिकांच्या पोशाखात, हातात तलवारी घेतलेली माणसं बघून गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले, आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. आज कोणी दरोडेखोर समजणार नाही, पण न सांगता कॅमेरा रोखला की माणूस बिचकतो हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

मिरची गल्लीत मसाला करून देणाऱ्या एका मावशींनी आम्हाला शूटिंगच्या आधीच सांगितलं होतं, "माझा चेहरा दाखवा, हात दाखवा. पण माझी खोली दाखवू नका, आणि किती मिळतात ते विचारू नका." परवानगी म्हणजे नुसतं हो किंवा नाही असं नसतं, हे त्यांनी सोप्या शब्दांत शिकवलं. आमच्या वहीत ती अट पहिल्या पानावर लिहिलेली होती.

म्हणून प्रत्येकीला चार गोष्टी सांगा आणि विचारा. फिल्म कशासाठी आहे? ती कुठे कुठे दिसेल, फक्त बैठकीत की व्हॉट्सॲपवरही? काय दाखवायचं नाही? आणि झाल्यावर आधी तिला दाखवली जाईल, तेव्हा नको वाटलं तर तो भाग काढला जाईल. ही उत्तरं वहीत लिहून तिची सही किंवा अंगठा घ्या. लहान मुलं असतील तर आई-वडिलांना विचारा.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. एखादी बाई कॅमेऱ्यासमोर नवऱ्याच्या दारूबद्दल, मारहाणीबद्दल बोलली, रडली. बघणाऱ्यांना ती फिल्म फार भिडेल. पण संध्याकाळी तिला त्याच घरात जायचं आहे. व्हॉट्सॲपवर गेलेली गोष्ट परत मागे घेता येत नाही. चार जणांनी एकमेकांना पाठवली की ती गावभर होते, माहेरच्या गावी पोचते. अशा वेळी फोन बंद करा, तिचा हात धरा आणि तिला मदत कुठे मिळेल ते बघा. महिलांसाठीचा १८१ हा मदत क्रमांक सगळ्यांना पाठ असू द्या. फिल्म राहिली तरी चालेल.

जोडणी आणि पहिला खेळ

सगळे शॉट क्रमाने लावून, नको ते कापून फिल्म तयार करणं याला एडिटिंग म्हणतात. फोनवर फुकट मिळणारी ॲप त्यासाठी पुरेशी आहेत. गटातल्या एखादीची कॉलेजात जाणारी लेक किंवा सून हे दाखवून देईल. पण काय ठेवायचं ते तिने ठरवायचं नाही, गटाने ठरवायचं. धान्य निवडतो तसं करा. आधी खडे काढा, म्हणजे हललेले आणि आवाज नसलेले शॉट. मग उरलेल्यातून गोष्टीला लागतील तेवढेच ठेवा. चांगला दिसतो म्हणून एखादा शॉट ठेवायचा मोह होतो, पण तो आपल्या एका वाक्यातल्या गोष्टीत बसत नसेल तर काढा.

शेवटी सगळ्यांची नावं. मग पहिला खेळ फिल्ममधल्या बायकांसाठी, दुसरा गटासाठी आणि त्यानंतर बाकीच्यांसाठी.

आपल्यासारख्या बायकांनी हे केलेलं आहे

अहमदाबादच्या सेवा संघटनेत १९८४ साली वीस बायकांनी व्हिडिओ शिकायला सुरुवात केली. त्यात भाजी विकणाऱ्या होत्या, लिहिता-वाचता न येणाऱ्याही होत्या. त्यांच्या गटाला व्हिडिओ सेवा म्हणतात. तेलंगणात झहीराबादजवळच्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या गटांमधल्या दलित शेतकरी बायकांनी कॅमेरा हातात घेतला आणि आपली बियाणं, आपली शेती यांवर फिल्म केल्या. त्यांच्याकडे तेव्हा आजच्यासारखे फोन नव्हते, जड कॅमेरे होते. आपल्या प्रत्येक गटात आज दोन-तीन तरी चांगले फोन आहेत.

चार बैठकांचा सराव

पहिली बैठक: हा धडा वाचा. गोष्ट एका वाक्यात लिहा. सहा कामं वाटा.

दुसरी बैठक: भाकरी, चहा किंवा झाडलोट, यातल्या एका कामाचे पाच शॉट. कामं बदलत प्रत्येकीने फोन धरायचा. शॉट सगळ्यांनी मिळून बघायचे.

तिसरी बैठक: परवानग्या घ्या, शॉटची यादी करा, एका दिवसात शूटिंग पूर्ण करा.

चौथी बैठक: जोडणी, नावं आणि ज्यांची फिल्म आहे त्यांना दाखवणं.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या कामातलं असं कोणतं काम आहे, जे बाहेरच्या माणसाला कधीच दिसत नाही?

२. आपल्या गटात सरस्वतीबाईंसारखी कोण आहे? तिचं नाव कुठे लिहिलं जातं?

३. कोणती गोष्ट फिल्ममध्ये दाखवायची नाही, हे आपण कसं ठरवणार?

४. आपली फिल्म बघून कोणी काय करावं असं आपल्याला वाटतं? ग्राहकाने मसाला घ्यावा, की ग्रामपंचायतीने टाकी दुरुस्त करावी?

ज्या गटांना सराव करायचा आहे त्यांनी पुढच्या मासिक बैठकीच्या इतिवृत्तात तसा ठराव लिहावा आणि आपल्या गावाच्या ताईंकडे नावं द्यावीत. दुसऱ्या बैठकीला, म्हणजे भाकरीच्या पाच शॉटना, मी येईन. येताना जास्तीचा चार्जर आणि एक पांढरी चादर घेऊन येते.